नकार मोजणं मी सोडलं

“तुमच्या एथिक्स कमिटीने गेल्या वर्षी किती प्रस्ताव नाकारले?” हा माझा ठेवणीतला प्रश्न होता. आरोग्याच्या बातम्या करायचे तेव्हा कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात गेले की संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या या समितीच्या सदस्य सचिवांना तो हमखास विचारायचे. उत्तर बहुतेक वेळा ‘एकही नाही’ असं यायचं, नाहीतर सचिव हसून चहा मागवायचे. मग मी वहीत खूण करायची: शिक्कामारू कमिटी. वर्षभरात जिला एकदाही ‘नाही’ म्हणता येत नाही ती संशोधकांची होयबा, असं माझं सरळ गणित होतं. गणित सोपं होतं आणि बातमीत छान बसायचं, हेही कबूल करते.

आता मी स्वतःच अशा एका समितीवर बसते. मराठवाड्यातलं एक वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्यात ‘सर्वसामान्य नागरिक’ ही खुर्ची. इथे बसल्यापासून ते गणित हळूहळू सुटत गेलं.

गणित हवेतून आलेलं नव्हतं. १९९६ साली नायजेरियातल्या कानो शहरात मेनिंजायटिसची भयानक साथ आली होती. फायझर कंपनीने तिथे ट्रोव्हान हे नवं प्रतिजैविक सुमारे शंभर मुलांना देऊन पाहिलं. साधारण तेवढ्याच मुलांना तुलनेसाठी आधीपासून वापरात असलेलं औषध दिलं. दोन्ही गट मिळून अकरा मुलं दगावली. ती आजाराने गेली की आणखी कशाने, यावर पुढे वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले. मला त्यातला दुसराच तपशील डाचत राहिला. कंपनीकडे एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं पत्र होतं, अगदी लेटरहेडवर. पण चाचणी झाली तेव्हा त्या रुग्णालयात अशी समितीच नव्हती. पत्र मागाहून तयार करून त्यावर मागची तारीख घातली होती, हे पुढे उघड झालं. समिती नाही, पण तिची मंजुरी आहे! हे वाचल्यावर कुठल्याही गरीब देशातल्या मंजुरीच्या पत्रावर माझा विश्वास बसेना.

मग आपल्याकडचं प्रकरण आलं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस द्यायचा प्रकल्प सुरू झाला. पाथ ही अमेरिकी संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, त्यात होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले. लशीमुळे ते झाले असं चौकशीत दिसलं नाही, पण संमतीच्या कागदांची लक्तरं बाहेर आली. आश्रमशाळांतल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला, २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. या प्रकल्पाला एथिक्स कमिट्यांची मंजुरी रीतसर होती. कानोत समिती नव्हती, इथे होती. आदिवासी पाड्यावरच्या मुलीच्या दृष्टीने फरक काय पडला? तेव्हापासून मी नकार मोजायला लागले.

त्याच २०१३ च्या फेब्रुवारीत औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या समित्यांना केंद्राकडे नोंदणी सक्तीची झाली. नंतर २०१९ च्या नियमांनी चौकट आणखी आवळली: किमान सात सदस्य, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, एक कायद्याचा जाणकार, निदान एक बाई, आणि एक सर्वसामान्य माणूस. डॉक्टर तर कॉलेजात ढिगाने असतात, वकीलही मिळतो. सामान्य माणूस मात्र शोधावा लागतो. तसा माझा शोध लागला. बाई आणि सामान्य, दोन्ही रकाने एकाच खुर्चीत भागतात, हा त्यातला व्यवहार माझ्या लक्षात आला नाही असं नाही.

सुरुवातीच्या बैठकांत मी नकाराची वाट पाहत बसायचे. पण समोर यायचं काय? आमच्यासारख्या कॉलेजात मोठ्या कंपन्यांच्या चाचण्या क्वचित येतात. येतात ते पीजीच्या मुलांचे थीसिस. विद्यापीठाला सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, ठरलेल्या तारखेआधी पाठवायचा असतो, त्याला एथिक्सचं पत्र जोडावं लागतं, म्हणून तारखेच्या तोंडावर सगळे एकदम येतात. टेबलावर फायलींचे गठ्ठे, कडेला गार होत चाललेले सामोसे, दाराबाहेर पांढऱ्या अॅप्रनमधली मुलं ओळीने उभी, आणि आत प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. बहुतेक विषय निरुपद्रवी. अमुक आजारात तमुक घटकाचं रक्तातलं प्रमाण, वापरातल्याच दोन औषधांची तुलना, असं काहीतरी. यात नाकारण्यासारखं नसतं. आणि नाकारलं तर पोराचं वर्ष जातं, म्हणून तसंही कुणाची जीभ रेटत नाही.

पण मी जरा कान देऊन ऐकायला लागले, तेव्हा त्या चार मिनिटांत जे चालतं ते दिसू लागलं. “या तपासणीचे पैसे कोण भरणार?” हा प्रश्न आमचे वकीलसाहेब प्रत्येकाला विचारतात. मुलगा म्हणतो, “सर, ती रूटीनमध्येच आहे.” मेडिसिनच्या मॅडम म्हणतात, “एकदा रूटीनमध्ये आहे, तू तीनदा करतोयस. उरलेल्या दोनचं काय?” मुलगा गाइडकडे बघतो, गाइड छताकडे. शेवटी फॉर्मवर लिहून घेतलं जातं की वाढीव तपासण्यांचा भार रुग्णावर टाकायचा नाही, आणि रक्त वेगळं टोचून काढायचं नाही, नेहमीच्या तपासणीबरोबरच घ्यायचं. मजुरी बुडवून चाळीस-पन्नास किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्या माणसाला फेरतपासणीसाठी खास बोलवायचं असेल, तर तिकिटाचे पैसे द्यायचे. हे सगळं झाल्यावर इतिवृत्तात काय उतरतं? ‘किरकोळ दुरुस्त्यांसह मंजूर.’ माझ्या जुन्या वहीत या बैठकीला भोपळा मिळाला असता.

एक प्रस्ताव जरा सविस्तर सांगते, कारण माझं मत पलटलं ते मुख्यतः त्याच्यामुळे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी आधीपासून वापरात असलेल्या दोन औषधांची तुलना करायची होती. औषधं नेहमीची, धोका फार वेगळा नाही. फार्माकॉलॉजीच्या मॅडमनी एवढंच विचारलं, “सही केव्हा घेणार?”

“लेबर रूममध्ये, मॅडम. पेशंट तिथेच असतो ना.”

यावर बराच खल झाला. कळा सुरू असलेली बाई समोर ठेवलेल्या कशावरही सही करील, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. निम्म्या लोकांनी ते आयुष्यभर पाहिलेलं होतं, आणि त्या निम्म्यांपैकी काहींनी स्वतः तशा सह्या घेतल्याही होत्या. ठरलं असं, की नवव्या महिन्यात बाई तपासणीला येते तेव्हाच अभ्यासाची माहिती द्यायची, कागद तिच्या घरी जाऊ द्यायचा, आणि प्रसूतीच्या वेळी फक्त ‘आधी हो म्हणाला होतात, अजून हो आहे का’ एवढं विचारायचं. प्रस्ताव मंजूर. शेरा नेहमीचाच: किरकोळ दुरुस्त्यांसह.

मंजुरीनंतर काही महिन्यांनी वकीलसाहेब आणि मी त्या विभागात गेलो. नियमावली सांगते की समितीने मंजुरी देऊन स्वस्थ बसू नये, कामावर लक्षही ठेवावं. आमच्याकडे तोवर तसं कुणी गेलेलं नव्हतं. आम्ही फायली मागितल्या. मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही, पण तारीख आणि वेळ वाचता येते. संमतीपत्राच्या तळाशी सहीची तारीख-वेळ होती, आणि त्याच फायलीत दाखल झाल्याची चिठ्ठी होती. दोन्ही कागद शेजारी ठेवले. बऱ्याच ठिकाणी मेळ बसत होता. काही ठिकाणी सही दाखल झाल्यानंतरची होती. एक तर रात्री पावणेतीनची. अंगठा होता. साक्षीदार म्हणून वॉर्डातल्याच सिस्टरची सही.

अभ्यास करणाऱ्या मुलाला बोलावलं. तो घाबरला, मग वैतागला. “मॅडम, एएनसीच्या दिवशी मी ओटीला असतो. तिथे एक डॉक्टर शंभर बायका बघतो. एकीला नीट समजावून सांगायचं तर वीस मिनिटं लागतात. मी एकटा आहे.” तो खोटं बोलत नव्हता.

जुनी मी इथे काय केलं असतं? ‘समितीचा निर्णय धाब्यावर’ असा मथळा. आणि तो चुकीचाही ठरला नसता. पण आम्ही जे केलं ते असं: नवीन बायका घेणं थांबवलं, कळांमध्ये सही घेतलेल्या बायकांची माहिती अभ्यासातून वगळायला लावली, आणि विभागप्रमुखांबरोबर बसून वाट काढली. गरोदर बायकांच्या ओपीडीत, म्हणजे त्या एएनसीत, एचआयव्ही तपासणीसाठी समुपदेशक ताई बसतात. येणारी प्रत्येक बाई त्यांच्याकडे जातेच. माहितीचा कागद त्या देतील आणि वाचून दाखवतील, शंकांना उत्तरं द्यायला आणि सही घ्यायला मुलगा आठवड्यातल्या ठरलेल्या एका वारी तिथे हजर राहील, त्या वारी त्याला ओटीतून सोडायचं. विभागप्रमुखांनी कुरकुर करत ते मान्य केलं.

या सगळ्यात पैसा जवळजवळ लागला नाही. दोन माणसांचा अर्धा दिवस लागला, आणि दोन कागद शेजारी ठेवायचं सुचावं लागलं. समितीचं काम नीट चाललंय का, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मी पाहिलेला नाही. आणि तो ना नकारांच्या आकड्यात दिसतो, ना भिंतीवरच्या नोंदणी प्रमाणपत्रात.

हा प्रश्न मलाच पहिल्यांदा पडला असं मुळीच नाही. कार्ल कोलमन आणि मारी-शार्लोत ब्वेसो यांनी २००८ मध्येच एका लेखात विचारलं होतं की या समित्या खरंच काम करतात हे आपल्याला कळतं कशावरून. सगळं मोजमाप रचनेचं आणि कार्यपद्धतीचं चालतं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्या माणसांच्या वाट्याला काय आलं, ते मोजायचं राहूनच जातं, असा त्यांचा रोख होता. आफ्रिकेत तर त्याच्याही आधीच्या पायरीवर अडलेलं होतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत उत्तर देणाऱ्या आफ्रिकी देशांपैकी ३६ टक्के देशांत अशी समितीच नव्हती. जिथे समिती आहे की नाही हाच प्रश्न, तिथे ती कशी चालते हे विचारायची पाळी उशिराच येणार.

मोजपट्ट्या पुढे आल्या. मध्यपूर्वेतल्या समित्यांबरोबर काम करणारे हेन्री सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्व-मूल्यमापनाचा एक तक्ता केला, एकूण २०० गुणांचा. आम्ही तो भरायला घेतला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. परीक्षा आपली, पेपर आपणच तपासायचा, वर गुण आपणच द्यायचे! आणि सुरुवात तशीच झाली. लिखित कार्यपद्धती आहे का? आहे, पूर्ण गुण. ती आम्ही एका मोठ्या शहरातल्या संस्थेकडून जशीच्या तशी घेतली होती, इतकी जशीच्या तशी की एका पानावर त्या संस्थेचं नाव तसंच राहिलं होतं. ते पान मीच शोधून काढलं आणि फार खूश झाले. सदस्यांत बाहेरचे किती? भरपूर. गुण घ्या.

मग साधनांचा भाग आला. समितीला स्वतःचं अंदाजपत्रक आहे का? नाही. स्वतःचा कर्मचारी? एका विभागाचा क्लार्क, दुपारनंतर, मोकळा असला तर. कुलूपबंद कपाट? आहे, चावी दोघांकडे, त्यातले एक बदलून गेले. मंजुरीनंतर पाठपुरावा? त्या एका फेरीचा उल्लेख करून आम्ही गप्प बसलो. आमच्या सचिव फार्माकॉलॉजीच्या प्राध्यापक आहेत. लेक्चरं, परीक्षा, पेपर तपासणं सांभाळून उरलेल्या वेळात हे काम करतात. इतिवृत्त त्या रात्री घरी बसून लिहितात. ‘किरकोळ दुरुस्त्यांसह मंजूर’ हे शब्द कुठून येतात ते मला त्या तक्त्यामुळे कळलं. ती टाळाटाळ नसते, ते रात्रीचे अकरा वाजलेले असतात.

म्हणून आता मला वाटतं की कमी साधनांच्या जागी दोन उलट्या गोष्टी एकदम घडतात. जे उसनं आणता येतं ते, म्हणजे कार्यपद्धती, फॉर्म, प्रमाणपत्रं, सगळं असतं आणि त्याचे गुण मिळतात. जे तिथेच घडतं, म्हणजे तो पैशांचा प्रश्न, ती सहीची वेळ, ते लिहायला माणूस नसतो, म्हणून त्याचा मागमूस राहत नाही. बाहेरून तपासायला येणाऱ्याला पहिलं दिसतं, दुसरं दिसत नाही. मीही बाहेरूनच तपासत होते. शिवाय कंपन्यांच्या चाचण्यांवर समित्या शुल्क घेतात, त्यातून शहरातल्या समित्यांना क्लार्क परवडतो. आमच्याकडे थीसिसचा पूर असतो, आणि पुराला शुल्क नसतं.

‘मंजूर की नामंजूर’ या भाषेत काही प्रश्न मावतच नाहीत, हेही इथे बसूनच लक्षात आलं. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, आमच्या भागातलंच. तिथे ५२ खेड्यांच्या गटांतल्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. तीन गटांना तपासणीच्या तीन वेगवेगळ्या पद्धती, चौथ्या गटाला तपासणी नाही, फक्त माहिती. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही चाचणी एकदा केली तरी मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात. गरीब देशांतल्या बायकांसाठी यापेक्षा उपयोगी निष्कर्ष सांगणं अवघड आहे. आणि त्या चौथ्या गटातल्या बायकांचं काय, यावर नंतर मोठा वाद पेटला. करणाऱ्यांचं म्हणणं, की भारतात खेड्यातल्या बाईला तसंही कुठे काय तपासणी मिळते, तिच्याकडून आम्ही काही काढून घेतलं नाही. विरोधकांचं म्हणणं, की तपासणीने फायदा होतो हे जगाला आधीच ठाऊक होतं.

पूर्वी मी एका वाक्यात निकाल दिला असता: समितीने हा अभ्यास नाकारायला हवा होता. आता तसं छातीठोक म्हणवत नाही. ‘इथे तसंही काही मिळत नाही’ हे वाक्य आमच्या टेबलावर वरचेवर येतं, आणि दरवेळी ते खरं असतं, हीच त्यातली अडचण. समितीने तेव्हा काय विचारलं, चौथ्या गटातल्या बाईला नेमकं काय सांगायचं ठरवलं, निष्कर्ष मधेच स्पष्ट व्हायला लागले तर काय करायचं हे आधी बोलून ठेवलं होतं का, आणि अभ्यास संपल्यावर त्या बायकांचं काय करायचं ठरलं, हे मला वाचायचं आहे. समितीची पारख मी त्या कागदांवरून करीन. हो-नाही तर शेवटच्या ओळीत असतं.

नकाराला किंमत नाही असं माझं म्हणणं नाही. कानोसारखं काही समोर आलं तर ठाम नकारच हवा. आणि संस्थेच्या प्रमुखाचा स्वतःचा प्रस्ताव टेबलावर असतो तेव्हा, ज्याची बढती त्याच्या हातात आहे तो सदस्य काय बोलणार, ही माझी जुनी शंका अजून तितकीच ताजी आहे. अशा प्रस्तावांवर बाहेरच्या सदस्यांनी आधी बोलायचं, एवढी पद्धत आम्ही पाडली आहे. ती पुरेशी नाही.

सध्या मी आणखी एक गोष्ट तपासते. माहितीपत्रकाच्या शेवटी समितीचा फोन नंबर असतो: तुमच्या हक्कांबद्दल शंका असल्यास इथे संपर्क करा. हा नंबर असावाच लागतो, म्हणून सगळे टाकतात. एका संध्याकाळी मी घरून तो लावला. कॉलेजच्या बोर्डाने उचलला. “एथिक्स कमिटी द्या,” म्हटलं. “कुठली कमिटी?” “एथिक्स.” थोडा वेळ शांतता, मग, “मॅडम, उद्या करा, आता सगळे गेलेत.” दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तर एक्स्टेन्शन वाजत राहिलं. ते फार्माकॉलॉजीच्या स्टोअरमध्ये होतं. इतक्या वर्षांत एकाही रुग्णाची तक्रार आली नाही, हे आम्ही त्या तक्त्यात अभिमानाने लिहिलं होतं.

आता नंबर एका मोबाइलचा आहे, तो सचिवांच्या पर्समध्ये असतो आणि वाजला की वहीत नोंद होते. फार वाजत नाही. एकदा एका आजोबांनी विचारलं, रक्त दिलं त्याचा रिपोर्ट कधी मिळणार. तो मिळायलाच हवा होता, आणि संशोधकाच्या टेबलावर पडून होता. वहीतली ती ओळ मला बरीच मोलाची वाटते. मी सुचवलं की दर तीन महिन्यांनी कुणीतरी अनोळखी आवाजात हा नंबर लावून पाहावा, आणि मंजूर झालेल्या प्रस्तावांपैकी चार-पाच फायलींत सहीची आणि दाखल होण्याची वेळ ताडून पाहावी, आणि हे वार्षिक अहवालात घालावं. वकीलसाहेबांना पटलेलं नाही. ते म्हणतात, “मॅडम, आज हे तुम्हाला सुचलंय म्हणून खरं आहे. उद्या फॉर्मवर रकाना झाला की पोरं वेळच बरोबर लिहितील, सही कधीही घेवोत.” यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. वेळ खोटी लिहिली तर ती दाखल होण्याच्या चिठ्ठीशी जुळवावी लागेल आणि तिथे पकडता येईल, असं मी म्हणाले. त्यांनी वकिली अनुभवातून हसून मान हलवली. विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे, थीसिसच्या प्रस्तावांनंतर.